रोग क्लचला, औषध गिअरबॉक्सला

सिंगापुरात हल्ली हाताने गिअर टाकायची गाडी दिसली की लोक वळून बघतात. आपली मुलं लायसन्स काढतात तेही बहुधा थ्री-ए, म्हणजे फक्त ऑटोमॅटिकचं. तरी आम्हां पासिर रिसकरांत अशी काही घरं आहेतच, जिथे जुनी मॅन्युअल गाडी अजून लाडाने सांभाळली जाते. मुंबई-पुण्यात फियाटवर हात बसलेल्या माणसाला डावा पाय रिकामा ठेवून गाडी चालवणं म्हणजे मिठाशिवायचं वरण वाटतं, त्याला काय करणार!

या मंडळींकडून एकच तक्रार वारंवार ऐकू येते : "गिअर पडत नाही हो नीट!" म्हणून या वेळचा मजकूर त्यावरच.

ही तक्रार साधी वाटली तरी इथे ती महागात पडते, कारण सीओई. १९९० साली ही पद्धत सुरू झाली. गाडीला दहा वर्षं झाली की एक तर ती मोडीत काढायची, नाही तर मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी दराने पैसे भरून सीओई पाच किंवा दहा वर्षांनी वाढवून घ्यायची. पाच वर्षांची वाढ घेतली तर त्यानंतर पुन्हा वाढ नाही. शिवाय दहा वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी तपासणी, आणि रोड टॅक्सवर दहा टक्क्यांपासून चढत चढत पन्नास टक्क्यांपर्यंत अधिभार. नेमक्या याच वयात गिअर अडायला लागतो. वर्कशॉपवाला म्हणतो, "गिअरबॉक्स गेला." घरात चर्चा होते, आकडेमोड होते आणि चांगली गाडी भंगारात जाते.

आमच्या शेजारच्या एका कुटुंबाच्या बाबतीत हे होता होता राहिलं. सीओई संपायला तीन महिने होते आणि एका वर्कशॉपने गिअरबॉक्स बदलायचा सल्ला दिला होता. दुसऱ्या मेकॅनिकने गाडीखाली वाकून पाहिलं, तर क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमधून तेल गळत होतं. सिलिंडर बदलला, गिअर लोण्यासारखे पडू लागले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी गाड्या येण्याआधीच करून ठेवली!

मुळात होतं काय ते आधी पाहू. चालत्या लोकलमध्ये चढणारा मुंबईकर आधी फलाटावर चार पावलं गाडीच्या वेगाने धावतो, मग दांडा पकडतो. गिअरबॉक्समध्ये हे धावण्याचं काम सिंक्रोमेशची पितळी कडी करते. दोन चाकांचे वेग जुळवायचे आणि मग ती अडकवायची. पण त्यासाठी इंजिनची ओढ आधी सुटायला हवी. ते काम क्लचचं. क्लच पुरता सुटला नाही तर बिचारी कडी इंजिनशीच झुंजते. गिअर अडतो किंवा 'खर्र' करतो. दोष क्लचचा, बोंब गिअरबॉक्सची. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला ही कडी नसते, म्हणून क्लचचं दुखणं आधी रिव्हर्सला कळतं. जुन्या फियाट अकराशेच्या पहिल्या गिअरलाही ती नव्हती. गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, ही वडीलधाऱ्यांची ताकीद त्यातूनच आली.

आता परीक्षा. सगळ्यात आधी पायाखालची सतरंजी, म्हणजे मॅट, बघा. ती पुढे सरकून पेडलखाली गेली तर क्लच तळाला टेकतच नाही. हसू नका, असं होतं!

मग इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. एखादा पडला नाही तर क्लच सोडून पुन्हा दाबा, किंवा गाडी इंचभर पुढे ढकलून पुन्हा प्रयत्न करा. कधी कधी दात समोरासमोर येतात, तो दोष नव्हे. नंतर इंजिन चालू करून तेच करा. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर. बंद असतानाही अडतात, तर संशय गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलवर, सळ्यांवर, त्यांच्या बुशांवर किंवा मग आतल्या भागांवर. ही एक परीक्षा निम्मं निदान करते आणि तिला एक सेंटही लागत नाही. मात्र इथे उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवणं गुन्हा आहे, तेव्हा आटोपतं घ्या.

संशय क्लचवर गेला तर पुढची पायरी. क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खर्र झालं, तर प्लेट अजून फिरते आहे. आता क्लच दोन-तीन वेळा भरभर दाबून पाहा. त्याने गिअर सोपा पडला तर तेलात हवा शिरली आहे, किंवा मास्टर नाही तर स्लेव्ह सिलिंडरचं रबर गेलं आहे. बॉनेट उघडून टाकीतली पातळी बघा. पेडलच्या वरच्या बाजूला आतून ओल आहे का, हेही बोट लावून बघा. हात मात्र लगेच धुवा, आणि ते तेल रंगावर सांडू देऊ नका, रंग उतरतो. क्लचमध्ये जे तेल असतं तेच ब्रेकचं, आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. इथल्या बारमाही दमट हवेत, तेही समुद्राकाठच्या पासिर रिसला, ते साधारण दोन वर्षांनी बदललेलं बरं. ज्या गाड्यांत तेलाऐवजी केबल असते, तिथे केबल ताणलेली, तुटायला आलेली किंवा चुकीची बसवलेली आहे का ते पाहायचं. गाडी बरेच महिने उभी राहिली असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेलीही असू शकते.

क्लच घसरणं हा वेगळा रोग. टीपीईवर चढताना रेस वाढते पण वेग वाढत नाही, हे त्याचं लक्षण. त्याने गिअर अडत नाही. प्लेट झिजली किंवा तिला तेल लागलं एवढाच अर्थ.

कानांनाही कामाला लावा. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पाय काढलेला असताना घरघर होते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग.

मग खरोखर गिअरबॉक्सचा दोष कधी? चालत्या गाडीत एकच ठराविक गिअर, बहुधा दुसरा, खर्र करतो आणि बाकीचे शहाण्यासारखे पडतात, तेव्हा त्या गिअरची कडी झिजली आहे. घाई न करता, दांडा क्षणभर न्यूट्रलला थांबवून हळू गिअर टाकलात तर अशी गाडी पुष्कळ काळ चालते. पण पडलेला गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल तर चालढकल नको. आधी इंजिनची माउंटिंगं आणि सळ्या तपासा. त्या ठीक असतील तर बॉक्स उघडावाच लागेल. तेल काढल्यावर त्यात धातूचे तुकडे निघाले, तरीही तेच.

तेलाविषयी एक महत्त्वाचं. गिअरबॉक्सला गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच तेल घाला. पुष्कळ जुन्या गाड्यांना जीएल-४ लागतं. तिथे 'वरच्या नंबरचं ते चांगलं' म्हणून जीएल-५ घालू नये. त्यातल्या जास्तीच्या रसायनांनी काही गाड्यांत पितळी कड्यांना त्रास होतो, आणि तेल फार निसरडं असल्याने कडीची पकडही कमी होते. तेल बदलून गिअर सुधारला तर एवढ्या स्वस्तात सुटका दुसरी नाही.

वर्कशॉपमध्ये गेल्यावर निदान सांगू नका, लक्षणं सांगा. डॉक्टरकडे जाऊन आपण "माझं अपेंडिक्स काढा" म्हणत नाही. "इथे दुखतं, जेवल्यावर दुखतं" म्हणतो. तसंच इथे : कोणता गिअर, उभ्या गाडीत की चालत्या, गार असताना की तापल्यावर, इंजिन बंद असताना पडतो की नाही. कागदावर लिहून न्या. मग लोयांगला जा नाही तर काकी बुकिटला, समोरच्याला कळतं की हे गिऱ्हाईक बघून आलेलं आहे. गिअरबॉक्स उतरवायचीच वेळ आली तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. मजुरी तीच, ती दोनदा कशाला द्या?

आणि सीओईचा निर्णय या परीक्षेनंतरच घ्या. गाडी ठेवायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या खिशाने आणि गरजेने ठरवावं. पण ती काढलीच, तर हिशेबाने काढली असं व्हावं, एका गळक्या सिलिंडरपायी नव्हे.

पुढल्या अंकात ब्रेकबद्दल बोलू. तोवर क्लचवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय ज्यांना असेल त्यांनी ती सोडावी. रिलीज बेअरिंग दुवा देईल.