अभयारण्याची हद्द आपल्या मोरीपासून सुरू होते

उन्हाळी सुट्टी लागली की आपल्या फेसबुकवर आइसलंडचे फोटो सुरू होतात. कड्यावर बसलेले पफिन, खाली निळा समुद्र आणि वर ठरलेलं वाक्य : "असं आपल्याकडे कुठे?"

ज्याला परवडतं त्याने जरूर फिरावं, माझं काही म्हणणं नाही. पण "आपल्याकडे कुठे" याचं उत्तर याच जिल्ह्यात आहे. निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरला.

गोदावरी-कादवा संगमाजवळ इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी बंधारा बांधला. वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मध्ये छोटी बेटं तयार झाली आणि पाखरांना जागा पसंत पडली. १९८६ साली अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत नाव आलं, तेही महाराष्ट्रातून पहिलं. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर. थंडीत सकाळी चापडगावच्या मनोऱ्यावर उभे राहा. हिमालयापलीकडून आलेले चक्रवाक, थापट्या, तलवार बदक दिसतील. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी दिसला तर त्याचं मराठी नाव लक्षात ठेवा : वारकरी.

आता मुद्द्यावर येतो. या वारकऱ्याला आपण कसलं पाणी पाजतो?

रामकुंड, तपोवन, दसक-पंचक, ओढा, चांदोरी, सायखेडा आणि मग नांदूरमध्यमेश्वर. नदीची वाट सरळ आहे. प्रक्रिया केंद्रं बांधूनही शहराचं सांडपाणी नाल्यांतून गोदावरीत उतरतं, हे नाशिकमध्ये नाक असलेल्या कुणालाही सांगायला नको. त्यातल्या नत्र-स्फुरदावर पाणवेली माजतात. पावसाळ्यात पूर आला की त्यांचे ढीग वाहत जाऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतात. बाकीच्या पुढे जातात.

काही जण म्हणतात, "गाळामुळेच पक्षी आले ना? मग थोड्या घाणीने काय होतं?" गाळ वेगळा, घाण वेगळी. पाणवेलीने पाणी झाकलं की खाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. बदकांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. बाहेरून सगळं हिरवंगार दिसतं. फोटोही छान येतो!

आणि आपला विकास कसा? कमान उभारा, रंगीत कठडे लावा, सेल्फी पॉइंट करा. "पर्यटन वाढलं की गावातल्या पोरांना रोजगार मिळेल." मिळू दे, मलाही हवाय. पण माणूस कमान बघायला येत नाही, पक्षी बघायला येतो. आणि पक्षी पाण्यासाठी येतो.

२०२७ च्या सिंहस्थाच्या नावाने घाट, रस्ते, पूल यांची चर्चा रोज होते. माझ्या तीनच मागण्या आहेत. एक, गोदावरीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी दर महिन्याला पाणी तपासा आणि आकडे मराठीत तिथेच फलकावर लावा. दोन, पाणवेली पावसाळ्याआधी शहराच्या हद्दीतच काढा, पुराच्या भरवशावर खालच्या गावांच्या गळ्यात मारू नका. तीन, नाले बंद झाले की नाही हे रामकुंडावर नाही, सायखेड्याला पाणी तपासून ठरवा. शाहीस्नानापुरतं धरणातून पाणी सोडून नदी स्वच्छ दाखवता येते. सायखेड्यात बारा महिन्यांचा हिशेब दिसतो.

हा प्रश्न फक्त पक्ष्यांचा नाही. पाणी नासलं तर चक्रवाक दुसरं तळं शोधेल, त्याला पंख आहेत. चांदोरी-सायखेड्याच्या शेतकऱ्याने, तिथल्या मासेमाऱ्याने कुठे उडून जायचं?

तुमच्या वॉर्डातला नाला कुठे उतरतो, हे या आठवड्यात जाऊन बघा. फोटो काढा, नगरसेवकाला पाठवा आणि इथे कमेंटमध्येही टाका. बघू किती जमतात.