जीर्णोद्धार कसा असावा?

१/४ ‘डे ऑफ द टेंटॅकल’ हा लुकासआर्ट्सचा १९९३ सालचा विनोदी साहसखेळ. त्यात अमेरिकेच्या राज्यघटनाकारांना एक खुळी सूचना केली, की पुढच्या शतकांतले तळघर बदलते!

२/४ डबल फाइनने २०१६ साली तो नव्याने रेखाटून आणला. नवी चित्रे देखणी आहेतच; पण मन हरखले ते एका कळीने. ती दाबताच मूळची ओबडधोबड चित्रे जशीच्या तशी परततात.

३/४ आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे बहुधा जुन्या दगडावर तैलरंग आणि शिलालेखावर फरशी. तासगावात परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणेशमंदिराचे दाक्षिणात्य वळणाचे गोपूर पाहताना वाटते, हे तरी पुढील पिढ्यांना मूळ रूपात दिसावे.

४/४ नवे अवश्य करावे. मात्र जुन्याकडे परतण्याची कळ शाबूत राखावी. एका खट्याळ खेळाने पाळलेले हे पथ्य आपल्याला जड का जावे?