‘पावसाचा निबंध’ पाहिल्यावर वह्या कशा तपासायच्या?



दरवर्षी जून उजाडला की आपण मुलांना ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहायला देतो. मग वह्यांमध्ये मोर नाचतात, धरणी हिरवा शालू नेसते, आई गरमागरम भजी तळते. आमचा पळसदेव–इंदापूरचा भाग तसा अवर्षणाचा. आभाळाकडे बघून माना अवघडतात, पण वहीत पाऊस मात्र धो धो! आणि आपण त्याला दहापैकी आठ गुण देऊन मोकळे होतो.

नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ हा लघुपट नेमका इथंच बोट ठेवतो. शाळेनं पावसावर निबंध लिहून आणायला सांगितलाय. इकडे पोराचं घर गळतंय, बाप दारूत बुडालाय, बाहेर कोसळणारा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. अशा रात्री त्यानं काय लिहायचं? या लघुपटाला २०१८ साली जाहीर झालेल्या ६५व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. मंजुळे आपल्या धरणापलीकडच्या करमाळा तालुक्यातले, जेऊरचे. म्हणजे तसे शेजारचेच.

तुम्ही म्हणाल, हा सिनेमा गरिबीचा आहे, यात मानसिक आरोग्य कुठं आलं? मलाही आधी तसंच वाटायचं. पण एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावात सातवीला शिकवत होतो. ‘माझी आई’ या विषयावर एका मुलीनं फक्त तीन वाक्यं लिहिली: माझी आई रात्री झोपत नाही. ती चुलीपाशी बसून राहते. मी पण जागी राहते. मी खाली लाल पेनानं ‘अपूर्ण. विषयाला धरून लिही’ असा शेरा मारला आणि दोन गुण दिले. दिवाळीनंतर आशाताईंकडून कळलं, आई बाळंत होऊन सहा-सात महिने झाले होते आणि तेव्हापासून तिचं कशातच लक्ष नव्हतं. घरचे ‘बाहेरचं’ आहे म्हणून अमावस्येला कुठंकुठं नेत होते. आई उठून विहिरीकडे जाईल या भीतीनं पोरगी जागी राहायची. सातवीतली पोर! पुढं आशाताईंनीच मागं लागून सरकारी दवाखान्यात नेलं, औषधं सुरू झाली, बाई सावरली. त्यात माझा वाटा शून्य. माझ्याकडे तर लेखी निवेदन आलं होतं, आणि मी त्याला दोन गुण दिले होते.

म्हणून माझं मत असं आहे, की मनाच्या आजारांवरचे लघुपट शाळेत दाखवायचे असतील, तर मुलांच्या आधी ते आपण शिक्षकांनी बघावेत. आणि निवडताना डोळे उघडे ठेवावेत. या विषयावरच्या बऱ्याच फिल्म एकाच साच्यातल्या असतात. शहरातला फ्लॅट, पडदे ओढलेली खोली, मोबाईलकडे बघत बसलेली मुलगी, मग सोफ्यावर बसून बोलणाऱ्या समुपदेशक मॅडम. फिल्म वाईट नसते हो, पण आपल्या वर्गातली पोरं ती ‘त्यांची’ गोष्ट म्हणून बघतात. आपल्या घरांत ‘डिप्रेशन’ हा शब्दच नसतो. ‘कशात जीव लागंना’, ‘छातीत धडधडतंय’, ‘डोक्यात मुंग्या आल्यात’, ‘नजर लागली’, ‘अंगात येतंय’ असं बोलतात. एकाच बाकावर उसतोडीच्या कोपीवरची मुलगी, धरणात जाळं टाकणाऱ्या घरातला मुलगा आणि मेंढरांमागं अर्धं वर्ष फिरणाऱ्या घरातला मुलगा बसलेला असतो. कुणाकडे देवऋषी, कुणाकडे दर्गा, कुणाकडे ताईत. दुखणं एक असलं तरी ते सांगायची रीत घरागणिक निराळी.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांना हे कळलं होतं. त्यांचा ‘देवराई’ स्किझोफ्रेनियावर, ‘कासव’ नैराश्यावर, ‘अस्तु’ स्मृतिभ्रंशावर. ‘अस्तु’मध्ये संस्कृतचे विद्वान असलेले आप्पा वाट चुकतात आणि त्यांना सांभाळते कोण, तर हत्ती घेऊन फिरणाऱ्या माहुताची बायको चन्नम्मा. तिला आजाराचं नाव ठाऊक नाही. तिला समोर एक भांबावलेलं मूल दिसतं आणि ती त्याला मायेनं सांभाळते. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, पण पालकांनी तो वेगळ्या कारणासाठी बघावा. त्यातल्या खचलेल्या मुलाला जवळ करणारी माणसं त्याच्यामागं प्रश्नांचा ससेमिरा लावत नाहीत. आपण घरात पहिलं काय विचारतो? ‘तुला काय कमी आहे?’

हे चित्रपट मोठे, तासिका पस्तीस मिनिटांची. म्हणून वर्गात लघुपट बरा.

काही सहकारी म्हणतात, असलं दाखवून पोरांच्या डोक्यात नको ते भरतं. विचारल्यानं किंवा बोलल्यानं आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही, असं तज्ज्ञ वारंवार सांगतात. मात्र जीव देण्याची पद्धत दाखवणारी फिल्म वर्गात अजिबात लावू नये, इथं त्या सहकाऱ्यांचं मला पटतं. फिल्म संपल्यावर ‘तात्पर्य लिहा’ हेही नको. दहा मिनिटं गप्प बसू द्या. ज्याला बोलायचंय तो मधल्या सुट्टीत घुटमळतोच. त्याला चारचौघांत उभं करू नका. आणि आपल्याला झेपणार नाही असं काही कळलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आणि चोवीस तास. फळ्याच्या कोपऱ्यात तो कायम लिहून ठेवायला काय हरकत आहे?

मुलांनाच दोन मिनिटांची फिल्म करायला दिली तर? उजनीत आपलं जुनं गाव गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं. बाहेरचे लोक फोटो काढायला येतात, आणि आपली म्हातारी माणसं मात्र तिथं जाऊन नुसती बसतात. नातवानं कधी विचारलंय का, की आजोबा, तुम्ही काय बघता? मोबाईल घरोघरी आहे. फक्त आजोबांनी हो म्हटलं तरच चित्रण करायचं आणि ते कुणाच्या स्टेटसला जाणार नाही, हे आधी ठरवायचं.

येत्या पालकसभेत मी ‘पावसाचा निबंध’ दाखवणार आहे. प्रोजेक्टर मिळाला तर ठीक, नाहीतर माझा लॅपटॉप टेबलावर ठेवून पंधरा-पंधरा जण दोन खेपांत बसवीन. वह्यांचा यंदाचा गठ्ठा अजून तपासायचाय. लाल पेन तेच आहे, पण गुण द्यायच्या आधी या वेळी प्रत्येक निबंध दोनदा वाचतोय.