चंचल मूल आणि घरचें ताट

एखादें मूल पांच मिनिटें एका जागीं बसत नाहीं, उत्तर अर्धवट टाकून उठतें, दुसऱ्याचें बोलणें संपण्यापूर्वींच मध्यें बोलतें. कीं घरांतील वडील मंडळी त्याच्या आईकडे पाहूं लागतात. ‘साखर फार खाऊं घातली’, असा निवाडाही लागलीच होतो. या निवाड्यास शास्त्राचा आधार कितपत आहे, तें आज पाहूं.

१९०२ सालीं लंडन येथें डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचें वर्णन केलें. आज या विकारास ‘एडीएचडी’ म्हणतात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून असें दिसतें कीं, या बाबतींत मुलामुलांत जो फरक आढळतो त्याचा सुमारें पाऊण हिस्सा आनुवंशिक असतो. अपुऱ्या दिवसांचा जन्म व शिशाचा संसर्ग यांचाही संबंध आढळला आहे.

आतां साखरेविषयीं. १९९४ सालीं अमेरिकेंत ५ ते ७ वर्षांच्या ३५ मुलग्यांवर एक प्रयोग झाला. सर्वांस बिनसाखरेचेंच गोड पेय दिलें होतें. परंतु ज्या मातांस ‘साखर दिली आहे’ असें सांगितलें, त्यांस आपलेच मुलगे अधिक चंचल वाटले! सारांश, चंचलपणा पेयांत नव्हता, पाहणाराच्या समजुतींत होता.

कृत्रिम रंगांची गोष्ट थोडी निराळी आहे. २००७ सालीं इंग्लंडांतील साउथॅम्पटन येथें, खाद्यरंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणानें सामान्य मुलांतही चंचलता किंचित् वाढल्याचें दिसलें. परिणाम मात्र मुलागणिक निरनिराळा होता. २०१० पासून युरोपीय संघांत अशा सहा रंगांच्या पदार्थांवर सूचना छापावी लागते.

लोहाचाही विचार व्हावयास हवा. २००४ सालीं पॅरिस येथें तपासलेल्या अशा ५३ मुलांपैकीं शेंकडा ८४ मुलांच्या रक्तांत लोहाचा सांठा कमी आढळला. तथापि कमतरता हेंच कारण, असें यावरून सिद्ध होत नाहीं.

तस्मात् रंगीत गोळ्या व सरबतें आवरावीं, त्यांत नुकसान कांहींच नाहीं. रक्त तपासून घ्यावें. परंतु लोहाच्या गोळ्या आपल्या मनानें देऊं नयेत, अधिक मात्रा मुलांस घातक होते. डॉक्टरांनीं औषध सुचविल्यास केवळ पथ्यावर विसंबून तें टाळूं नये. आणि मुलास छडी व सुनेस बोल लावणें आजच बंद करावें. त्यास कोणत्याही तपासणीची वाट पाहण्याचें कारण नाहीं.