भूत आपलं, कमाई हिंदीची! ‘मुंज्या’ काय सांगतो?

मोठा स्टार नाही, तरी ७ जून २०२४ रोजी आलेल्या ‘मुंज्या’ने देशात १०० कोटींचा टप्पा ओलांडला. कारण काय?

मुंजीनंतर, सोडमुंजीआधी मेलेला मुलगा मुंज्या होऊन पिंपळावर बसतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी कोकणातल्या या भुताला एकच हट्ट दिला: लग्न लावून द्या! हट्टी पोराचं हसू येतं. हसताना प्रेक्षक बेसावध होतो आणि पुढचा धक्का जोरात बसतो.

हे सूत्र मराठीला नवं नाही. १९९३च्या ‘झपाटलेला’त महेश कोठारे यांनी तेच साधलं. सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ही (२०२२) मराठीच होता. मग ‘मुंज्या’ हिंदीत का गेला?

व्हीएफएक्सचा खर्च मराठीला जड जातो, हे खरं. पण तात्या विंचूला व्हीएफएक्स लागला नव्हता. रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरगुंडी पुरली.

वेताळ, हडळ, गिऱ्हा अजून रांगेत आहेत. मराठी निर्मात्यांनी बजेटचं रडगाणं थांबवून आजीच्या गोष्टी पुन्हा ऐकाव्यात. नाहीतर तीही भुतं हिंदीच बोलतील.