विश्लेषण : गळा आवळला, मृत्यू आठवड्याने; मग कारण ‘ब्रेन हॅमरेज’ कसे?

गळा आवळला गेलेल्या व्यक्तीला रुग्णालयात नेले, हृदय पुन्हा सुरू झाले, व्हेंटिलेटरवर आठवडा गेला आणि मृत्यू झाला. शवविच्छेदनात मेंदूत रक्तस्राव आढळतो आणि अहवालात तेवढेच लिहिले जाते. मग न्यायालयात प्रश्न येतोच : रक्तस्राव उच्च रक्तदाबानेही होतो, पडल्यानेही होतो, गळ्याचा काय संबंध?

संबंध असतो. मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. पुरवठा चार-पाच मिनिटे तुटला की पेशी कायमच्या मरू लागतात. हृदय सुरू झाले तरी मेंदू पुढचे काही दिवस सुजत राहतो. कवटीत जागा नसल्याने तो खाली मेंदूस्तंभावर दाबला जातो आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून फुटतात. याला ‘ड्युरे रक्तस्राव’ म्हणतात. मृत झालेल्या भागात रक्त परतले की दुबळ्या वाहिन्यांतून ते झिरपते, ते वेगळेच. सर्वात फसवा प्रकार कॅरोटिड धमनीचा. दाबामुळे तिच्या आतल्या अस्तराला चीर जाते, तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूकडे सरकते. चालता-बोलता माणूस दोन दिवसांनी पक्षाघाताने कोसळतो तो असा.

मग ओळखायचे कसे? रक्तदाबाचा रक्तस्राव बहुधा मेंदूत खोलवर, एका बाजूला, मोठ्या गाठीसारखा असतो. मार लागला असेल तर टाळूखाली रक्त साकळलेले किंवा कवटीला तडा सापडू शकतो. प्राणवायू तुटल्याची इजा मात्र बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखी असते. ग्लोबस पॅलिडस आणि हिप्पोकॅम्पस हे भाग आधी बळी पडतात. हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो आणि मेंदू साधारण दोन आठवडे फॉर्मेलिनमध्ये ठेवावा लागतो. अहवालाची घाई इथेच नडते.

माझ्या मते खरी चूक त्याही आधी, दाखल करतानाच होते. गळ्यावरचे वळ आणि डोळ्यांतले लाल ठिपके आठवड्यात फिके पडतात. पहिल्याच दिवशी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढली नाहीत, मानेच्या धमन्यांचा सीटी अँजिओ केला नाही, तर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या हाती उरते काय? त्यांनीही मान शेवटी उघडावी. आधी डोके व छातीतले रक्त निचरू द्यावे, नाहीतर विच्छेदनातच सांडलेले रक्त जखमेसारखे दिसते.

मृत्यूच्या कारणांत क्रमाने तीन ओळी हव्यात : मेंदूतील रक्तस्राव, त्यामागे प्राणवायूअभावी झालेली इजा, तिच्यामागे गळ्यावरील दाब. सध्या अनेकदा पहिलीच ओळ येते आणि खुनाचा तपास ‘अकस्मात मृत्यू’च्या नोंदीत अडकतो. कायद्याची मात्र अडचण नाही. योग्य उपचारांनी जीव वाचला असता, एवढ्यावर इजा करणारा सुटत नाही, असे भारतीय न्याय संहितेच्या कलम १००चे स्पष्टीकरणच सांगते.