गाडी कोणाचीही असो, पाड्यावर आली पाहिजे



पोलिसांच्या गाड्या सरकारने विकत घेऊ नयेत, ठेकेदाराकडून भाड्याने घ्याव्यात, असं म्हणणारे वाढलेत. टायर, दुरुस्ती, विमा सगळं ठेकेदार बघेल, पैसा वाचेल, असा त्यांचा हिशोब. सरकारी गाड्यांचे हाल आम्हीही बघतो. एका टायरपायी जीप ठाण्याच्या आवारात गंजत राहते. ते आम्हाला मान्य नाही.

पण भाड्याच्या गाडीला बहुतेक करारात किलोमीटरची मर्यादा असते. त्यावर गेलं की जादा पैसे. मग काटछाट पहिली कुठं होणार? लांबच्या पाड्याच्या फेरीतच!

आदिवासीला त्याच्या जमिनीवरून अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसाने बेकायदा हुसकावलं तर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा होतो. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा, असं 1995 चे नियम सांगतात. पाड्यावर न येता तपास होईल कसा? "गाडी नाही" हे आजवर ऐकलं. उद्या "किलोमीटर संपले" ऐकायचं का? मोर्चाच्या दिवशी मात्र गाड्या कधी कमी पडत नाहीत.

दुसरं, चालक पोलीस शिपायाच्या भरतीत आपल्या राखीव जागा आहेत. गाडीबरोबर ड्रायव्हरही ठेकेदाराचा आला, तर त्या जागा गेल्या.

म्हणून आमची मागणी: गाड्या विकत घ्या, मेकॅनिक आणि चालकांची पदं भरा. भाड्याने घेतल्याच, तर पाड्याच्या फेरीला मर्यादा नको. आणि आपण गावोगाव माहितीच्या अधिकारात गाडीचं लॉगबुक मागू, ग्रामसभेत वाचू. गाडी कोणाच्या दारात गेली, ते सगळ्यांना कळू दे.